पलंगाखालचा भाऊ

पद्माकरांनी कोपरापर्यंत हात घालून लॅपटॉपचा चार्जर तांदळाच्या डब्यात पुरला, वरून तांदूळ सारखे केले आणि लक्ष्मीबाई नगरातला सर्वांत निष्पाप म्हातारा बसावा तसे खिडकीशी जाऊन बसले.

रसिका शाळेतून आली ती दप्तर न उतरवताच.

"आजोबा, आर्काइव्हजची मेल आली! गोदूआत्यांच्या पोलीस जबाबाची कॉपी. मी शाळेतच प्रिंट काढली."

झालं. चार्जर बिचारा फुकट पुरला गेला.

उद्या पंधरा ऑगस्ट. पहाडगंजच्या शाळेत नातीचं भाषण, आणि भाषणात बेचाळीस साली पद्माकरांच्या गोदूआत्याने फौजदाराला घोड्यासकट विहिरीत ढकलल्याची हकीकत. विहीर खरी, फौजदारही खरा. घोडा मात्र पद्माकरांनी साठ वर्षांत थोडा थोडा करून आत ढकलला होता. पोरगी आजोबाचा शब्द न् शब्द खरा धरायची. आजपर्यंत.

"जुनं मराठी तुला नाही झेपायचं. ठेव तिकडे."

"हळूहळू वाचते ना, यार."

"आजोबाला यार म्हणतेस?"

"विषय बदलू नका. सुनो."

ती अडखळत वाचू लागली. पद्माकरांनी काठीची मूठ आवळली. चोरटी पत्रकं कोण छापतं, असं फौजदाराने विचारलं होतं. आत्याचं उत्तर : नाव ठाऊक नाही. सहा फूट उंच, गोरापान, पुराच्या पाण्यातून पांढऱ्या घोड्यावर येतो.

"इथेपण घोडा!" रसिका हसली. "त्या तर तुमच्याहून भारी थापाड्या!"

पद्माकरांची मूठ जराशी सैल झाली.

"पुढे बघा. 'भाऊ काय करतो?' 'माझा भाऊ भित्रा. पोलीस म्हटलं की पलंगाखाली शिरतो. त्याला काय विचारता?' अरे, हे तुम्ही नेहमी सांगता! तुमचे वडील, तात्या, पलंगाखाली!"

सांगायचेच ते. दर दिवाळीला, तात्यांच्या देखत. आत्या सुरुवात करायची, पद्माकर मीठमसाला लावायचे, आणि पाच फुटी, काळेसावळे तात्या कोपऱ्यात पान लावत सगळ्यांबरोबर हसायचे. एकदाही 'नाही' म्हणाले नाहीत. आत्याही मरेपर्यंत एका शब्दाने बदलली नाही.

"शेवटी काय लिहिलंय?"

"'सक्त तपास करूनही बाईने जबाब बदलला नाही.' सक्त तपास म्हणजे?"

आत्याच्या डाव्या हाताची बोटं कधी मिटत नसत. मुसळ पडलं होतं, असं ती सांगायची.

"आजोबा? बरं वाटत नाहीये का? घोडा खोटा असला तरी चालेल, मी कुणाला नाही सांगणार."

पद्माकर उठले. डब्यात हात घालून त्यांनी चार्जर वर काढला, दाणे झटकले आणि तिच्यापुढे धरला. रसिका आ वासून बघत राहिली.

"घोडा काढून टाक. भाषण नव्यानं लिहावं लागेल."

"आणि पलंग? तो ठेवू ना? त्यावर सगळे हसतील."

ते पुन्हा खिडकीशी बसले. तिथूनच म्हणाले,

"त्या घरात पलंग नव्हता गं. आम्ही सगळे घोंगडीवर झोपायचो. पहिला पलंग तात्यांनी आणला तो आत्या म्हातारपणी अंथरुणाला खिळली तेव्हा. तिच्यासाठी."