गव्हाणीतलं बाळ

गव्हाणीत पसरलेल्या कापसाचा एक पुंजका हलत होता. फार नाही, तांदळाच्या दाण्याइतका वर यायचा आणि तितकाच खाली बसायचा. रुचिका खडू हातात धरून त्याच्याकडे पाहत राहिली. थंडी असल्यामुळे वर्गाच्या खिडक्या लावलेल्या होत्या आणि पंखा दिवाळीपासून बंद होता. वारा असता तर पुंजका कसाही हलला असता. उंदीर असता तर एकदा दचकून थांबला असता. हे हलणं मात्र एका लयीत चाललं होतं. थांबत नव्हतं आणि घाईही करत नव्हतं. अशी लय कशाची असते हे विज्ञान शिकवणाऱ्या बाईला कळायला इतका वेळ लागायला नको होता. कळलं तेव्हा खडू तिच्या हातातून सुटला.

तिने वाकून कापूस बाजूला केला. खाली जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेलं तान्हं मूल होतं. चेहरा कापसाबाहेर होता, फळीच्या आड असल्यामुळे दिसला नव्हता एवढंच. मूल झोपलं होतं. ओठांच्या कोपऱ्याला कापसाची एक तूस चिकटली होती, आणि रुचिकाने सगळ्यात आधी ती तूस काढली. दुसरं काय करावं ते तिला सुचलंच नाही.

आसेगावच्या त्या शाळेत शनिवारी मुलं दप्तर आणत नसत. त्या दिवशी खेळ, चित्रं, असं काही चाले. डिसेंबरच्या शनिवारांसाठी मुख्याध्यापकांनी नाताळ हा विषय दिला होता. गावात नाताळ कुणाच्याच घरी नव्हता, तरी सहावीच्या मुलांनी तो असा उचलून धरला की रुचिकालाही नवल वाटलं. कोनमापक लावून त्यांनी पाच टोकांचे तारे कापले. तुरटीच्या पाण्यात दोरे सोडून त्यांवर स्फटिक चढवले आणि ते बर्फ म्हणून टांगले. येशूच्या जन्माची छोटी नाटुकली करायची ठरल्यावर गोठा उभारला, तेव्हा तर बाईंना शिकवण्यासारखं काही उरलंच नाही. मागच्या सालच्या तुराट्यांचं छप्पर, खऱ्या दाव्याची गाठ, कोपऱ्यात शेणाच्या गोवऱ्या. फक्त कापसावरून वाद झाला होता.

"मॅडम, गव्हाणीत कापूस टाकला तं बैल उपाशी मरन," नवीन म्हणाला होता.

"तो बर्फ आहे, नवीन. चित्रात बर्फ असतो."

"मंग चित्रातले बैल काय खातेत?"

शेवटी खाली बैलांसाठी कुटार आणि वर कापूस अशी तडजोड झाली. आणि काल, शुक्रवारी, शाळा सुटताना रुचिकाने सगळ्यांना सामानाची आठवण करून दिली होती. मेंढपाळांनी घोंगडी, राजांनी मुकुट. राखी मरिया होणार होती. घाईत, मंगरूळपीरची बस निघून जाईल म्हणून, दारातूनच रुचिका तिला म्हणाली होती, "राखी, बाळ आणायचं विसरू नको हं."

आता वर्गात सगळे गव्हाणीभोवती गोळा झाले होते. मुकुट घातलेली मुलं टाचा उंचावून पाहत होती.

"राखी," रुचिका म्हणाली. "हे कोण आहे?"

"बाळ."

"कुणाचं?"

"आमचंच. माही बहीण हाय."

"अगं, मी बाहुली आण म्हटलं होतं."

"नाही मॅडम. तुमी बाळ आण म्हटलं होतं."

"हो मॅडम, बाळच म्हटलं होतं," मागून कोणी तरी म्हणालं. रुचिकाने आपलं कालचं वाक्य मनात पुन्हा उच्चारून पाहिलं. मुलं खोटं बोलत नव्हती.

"घरी सांगून आणलंस?"

राखी डोक्यावरची निळी ओढणी चाचपत राहिली. नवीन गव्हाणीवर ओणवला. "नाव काय वं इचं?"

"नाही ठेवलं."

"एवढी मोठी झाली तं?"

"जे नेतीन ते ठेवतीन," राखी म्हणाली.

रुचिकाला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. मूल चार महिन्यांचं तरी असावं. डोक्यावर जावळ दाट होतं, मनगटांना वळ्या पडल्या होत्या. "कोण नेणार आहे?" तिने विचारलं.

एकदा विचारल्यावर मात्र राखी भडाभडा बोलली. जणू हा प्रश्न कोणी विचारील म्हणूनच ती इतका वेळ उभी होती. "आज रिठदून मोठे बाबा आन् मोठी आई येऊन राह्यले, जीप करून. तिले न्याले. त्याइले लेकरू नाही ना. आजीनं दवाखान्यातच कबूल करून टाकलं होतं. तिघी पोरी घरात हायेच म्हणे, हे चौथी तुमीच घ्या म्हणे."

"आणि आई काय म्हणते?"

"आई काहीच नाही म्हणत. आधी म्हणे दिवाळी होऊ द्या. मंग म्हणे सर्दी झाली, बरी होऊ द्या. पण नाही देत असं नाही म्हणत." राखीने पुढे येऊन गव्हाणीच्या फळीवर हात ठेवला. "मॅडम, प्रोग्राम बुधवारी हाय ना? तोपर्यंत इथंच राहू द्या तिले. शाळेचं सामान हाय म्हणा. शाळेचं सामान कोणी घरी न्यायचं नाही, तुमीच सांगता."

तो नियम रुचिकाचाच होता. दुर्बीण, तराजू, परीक्षानळ्या, सगळ्यांसाठी तिने तो वर्षाच्या सुरुवातीला फळ्यावर लिहून दिला होता. ती राखीकडे पाहत राहिली. पोरगी चेष्टा करत नव्हती. घरातून तान्हं मूल उचलून इथवर आणलं ते तिने याच एका नियमाच्या भरवशावर.

"नवीन," रुचिका म्हणाली, "पळ. राखीच्या घरी जा आणि सांग की बाळ शाळेत आहे, सुखरूप आहे. आधी सुखरूप म्हण. मग बाकीचं."

नवीन मुकुटासकट पळाला. त्याच्या पावलांच्या आवाजाने मूल जागं झालं. आधी त्याने डोक्यावर टांगलेल्या तुरटीच्या दोऱ्यांकडे पाहिलं आणि मग तोंड वाकडं करून रडायला लागलं. रुचिकाने त्याला उचललं. इतकं ऊन, इतकं जड काही या वर्गात तिने कधी हातात धरलं नव्हतं. पोरं आपापल्या परीने मदत करू लागली. कोणी टाळ्या वाजवल्या, कोणी तारा हलवून दाखवला. "भूक लागली तिले," राखी म्हणाली, "मी दूध आणलं होतं, पण रस्त्यात सांडलं." आणि पहिल्यांदाच तिचा चेहरा रडवेला झाला.

राखीची आई रुपाबाई आली ती धावतच. पायांत चप्पल नव्हती, पदर मागे लोंबत होता आणि पोटऱ्यांपर्यंत चिखल होता. तिने कोणाकडे पाहिलं नाही. बाळ घेतलं, त्याच्या टाळूवर नाक दाबून धरलं आणि तिथेच, फळ्याखाली, भिंतीला पाठ लावून बसली. रुचिकाने मुलांना व्हरांड्यात काढलं आणि दार लोटलं. राखी जागची हलली नाही.

मूल पिऊ लागल्यावर रुपाबाई बोलली, अगदी हळू, जणू दुसऱ्याच कोणाची हकीकत सांगावी तशी. "पोरगी कुठंच दिसंना तं विहिरीत गळ सोडून राह्यले होते, मॅडम. एक्या खेपेले काही तरी लागलं. जड होतं. सारे वढत होते आन् मी काठावर उभी होती." ती थांबली. "बादली निघाली."

रुचिकाने बाकाचा काठ धरला. कोणी तरी दोर ओढत आहे आणि वर काय येतं ते ही बाई पाहते आहे, याच्या पुढे तिचं मन जाईना. राखी ऐकत होती. विहिरीचा विचार तिने केलाच नव्हता, हे तिच्याकडे पाहून कळत होतं. तिचे दात वाजायला लागले.

"काहून केलं वं असं?" आई म्हणाली. आवाजात राग नव्हता.

"ते नेतीन म्हणून."

दार ढकललं गेलं. रामकिसन, राखीचे मोठे बाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, उंबऱ्यापाशी आले आणि भावजय मुलाला पाजते आहे हे दिसताच पाठ फिरवून बाहेरच उभे राहिले. त्यांच्या मागून आलेली त्यांची बायको प्रयागबाई मात्र थेट आत येऊन रुपाबाईसमोर बसली. तिच्या हातात लोकरीचं पिवळं टोपरं होतं. धावपळीतही तिने ते सोडलं नव्हतं.

"अशी कशी वं पोरगी तू," ती राखीला म्हणाली, "जीव गेला असता आमचा." मग ती रुचिकाकडे वळली. शाळेतली बाई म्हणजे न्याय करायला बसलेली कोणी, असं तिला वाटलं असावं. "मी हिसकून नाही नेत, मॅडम. हे सांगून ठेवते. सासूनं शब्द देला, मी पदर पसरला. पण मायनं तं बोलावं का नाही? हो म्हणाव, नाही तं नाही म्हणाव. चार महिने झाले, हे बया नुसती आईकते. मी तिकडं पाळणा बांधते, सोडते. लोक इचारतेत, कधी आणता? मी काय सांगू?"

रुपाबाई मान खाली घालून होती. रुचिकाला काही तरी बोलावंसं वाटलं, पण जे शब्द सुचले ते सगळे पुस्तकातले होते. वर्गात फक्त मुलाच्या दूध पिण्याचा आवाज होता, आणि व्हरांड्यात कोणी तरी कोणाला ढकलून "गप बस बे" म्हणत होतं.

मूल प्यायचं थांबलं. रुपाबाईने त्याचं तोंड पुसलं, पदर सारखा केला. लुगड्याचा तुकडा नीट चौकोनी घालून तिने मुलाला त्यात गुंडाळलं; हात आत, पाय आत, घाई न करता. मग प्रयागबाईच्या हातातलं टोपरं घेऊन मुलाच्या डोक्यावर चढवलं. टोपरं अगदी मापात बसलं. आणि तिने मूल उचलून प्रयागबाईच्या मांडीवर ठेवलं.

राखीच्या तोंडून जो आवाज निघाला तो रुचिकाने आजवर कोणत्याही पोराच्या तोंडून ऐकला नव्हता. तिने राखीला जवळ ओढून घट्ट धरलं. प्रयागबाईने मुलाच्या गालावर गाल टेकवला होता. तिचे डोळे मिटलेले होते आणि खांदे हलत होते.

बाहेर रामकिसनला काय ते उमगलं असावं. "चाला मंग," मागे न वळता ते म्हणाले. "जीपवाला बोंबलून राह्यला."

"थांबू द्या त्याले थोडं, भाऊजी," रुपाबाई म्हणाली.

चार महिन्यांत थोरल्या दिराशी ती पहिल्यांदाच इतकी स्पष्ट बोलली असावी, कारण ते चमकून वळले. रुपाबाई जावेसमोर गुडघ्यावर बसली होती. तिने मुलाचं टोपरं भुवयांवरून किंचित वर सरकवलं.

"मनभर घ्या बाई तिले मांडीवर. कधीही या, घेऊन बसा, मी नाही म्हणणार नाही," ती म्हणाली. "पण पोरगी मी देत नाही."