टेपचा दुमडलेला कोपरा

आमच्या देवळाली कॅम्पच्या अंगणात एक चाकांवरचं घर उभं होतं. लिलावात घेतलेली जुनी अ‍ॅम्ब्युलन्स. हे, म्हणजे देवराम, सव्वीस वर्षं लष्करात गाड्यांचं वायरिंग करत देशभर फिरले आणि मी इथेच राहिले. सत्त्याण्णव साली निवृत्त झाल्यावर त्यांनी त्या गाडीत खाट बसवली, पंखा बसवला, रजयांसाठी कपाट केलं. दार उघडलं की लागणारा दिवासुद्धा त्यात लावला. "हिच्यातून तुला समुद्र दाखवीन," म्हणाले. मी समुद्र फक्त त्यांच्या पत्रांत पाहिला होता.

पण निघायचा दिवस आला की बॅटरी ठार. चार्ज करून आणावी, तर तिसऱ्या दिवशी गाडी नुसती कण्हायची. दिवाळी गेली, संक्रांत गेली. शेजारची कुसाबाई म्हणाली, "काय गं, समुद्रच इकडं यायचा हाय का?" मी तिच्याशी आठवडाभर बोलले नाही.

दुपारी मी गाडीतल्या खाटेवर जाऊन पडायची. लिंबाची सावली काचेवरून सरकायची, पडदा हलायचा आणि वाटायचं, गाडी चाललीय. डोळे मिटले की खिडकीबाहेर पाणीच पाणी. मग उठावंसंच वाटायचं नाही.

त्या दिवशी ह्यांनी पुन्हा तपासणी काढली. सगळी बटणं बंद केली, बॅटरीची एक वायर सोडली आणि मध्ये टेस्ट लॅम्प जोडला. तो मंद पेटला.

"बघ, कोणतरी चोरून करंट पितंय," ते म्हणाले.

आता एकेक फ्यूज काढायचा. चोराचा निघाला की लॅम्प विझतो. पंख्याचा काढला, हॉर्नचा काढला, लॅम्प तसाच. शेवटच्याला त्यांनी हातच लावला नाही. "तो कशालाच जोडलेला नाय," म्हणाले आणि पिशवी घेऊन कॅन्टीनला साखर आणायला निघून गेले.

जोडलेला नाही, तर बसवला कशाला? मी तो उपटला. लॅम्प विझला. परत बसवला, पेटला.

त्याच्या वायरीवरून बोट फिरवत गेले, तर ती रजयांच्या कपाटात शिरली. दार उघडलं. दिवा लागलेला होता, तो लागणारच. पण रजया उबदार होत्या. म्हणजे बंद दाराआडही तो दिवस-रात्र जळत होता. दार लावलं की दिवा विझवणाऱ्या बटणाच्या दोन्ही वायरी एकमेकींना पिळून वर काळा टेप गुंडाळला होता. टेपचं टोक नीट दुमडलेलं. असं टोक दुमडणारा माणूस उभ्या कॅम्पात एकच.

मी त्या उबेत तोंड खुपसून बसले. रडले, खोटं कशाला सांगू. त्या पिवळ्या उजेडात पुन्हा पाणी दिसायला लागलं, लांबवर चमकणारं. किती वेळ गेला कळलं नाही. वर पाहिलं तर हे दारात उभे होते.

"सव्वीस वर्षं कोणीतरी म्हणायचं, सामान बांध," ते हळूच म्हणाले. "आता कुठं माझी खाट एका जागी हाय, चंद्रभागा. पण तुला नाय म्हणवत नव्हतं."

"आणि माझी खाट? सव्वीस वर्षं ती एकाच जागी होती. ती नाही दिसली तुम्हाला?"

त्यांनी साखरेची पिशवी खाली ठेवली, आत आले आणि टेपचा दुमडलेला कोपरा चिमटीत धरला. एका ओढीत सगळा टेप सुटून आला. पुन्हा सोडवता यावं म्हणूनच तो कोपरा दुमडायचा, हे त्यांनीच मला कधीतरी शिकवलं होतं.

वायरी वेगळ्या करून त्यांनी कपाटाचं दार लावलं. तिकडे टेस्ट लॅम्प विझला होता.

"समुद्राकडं पहाटे गारठा असतो," ते म्हणाले. "रजया दोन्ही राहू दे."