डाव्या हातातली काठी

नाटकमंडळीत त्यांना सगळे आजोबा म्हणत, आणि तेही ते अठ्ठाविशीचे असल्यापासून. पहिल्याच नाटकात म्हाताऱ्याचं काम गळ्यात पडलं, ते पडलंच. पस्तीस वर्षं ते काठी टेकत, लंगडत रंगमंचावर आले आणि टाळ्या घेऊन गेले. मग उजवा गुडघा खरोखरच दुखायला लागला.

हाडांच्या डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे पाहिला. "झीज झालीय. व्यायाम करा आणि काठी वापरा."

"काठीचं मला सांगू नका. हयात गेली त्यात." आजोबांनी लगेच सोबत आणलेली नाटकातली काठी उजव्या हातात धरून दवाखान्यात एक फेरी मारून दाखवली. एका पेशंटने उठून त्यांना जागा दिली.

"सगळं चुकतंय," बाई म्हणाल्या. "गुडघा उजवा दुखतो ना? मग काठी डाव्या हातात. काठी आणि दुखरा पाय एकदम पुढे. शिवाय ही फार उंच आहे. मूठ मनगटाशी यायला हवी."

हे आजोबांच्या जिव्हारी लागलं. घरी आल्या आल्या बायकोला म्हणाले, "पस्तीस वर्षांत एका प्रेक्षकाची तक्रार नाही!"

"त्यांचा कुठे गुडघा दुखत होता?" बायको म्हणाली. तिने करवतीने काठी दोन इंच कापली आणि रबरी बूच पुन्हा बसवलं.

आठवडाभर हात आणि पाय यांचं जमेना. तिसऱ्या आठवड्यात आजोबा जिना उतरताना कण्हायचं विसरले.

शनिवारी प्रयोग होता. दुसऱ्या अंकात मुलगी बापाला मनातलं सगळं ऐकवते. तेवढ्या वेळात बाप लंगडत खुर्ची गाठतो. आजोबा सहा पावलांत पोचले आणि बसले. मुलीचं तर लग्नापर्यंतचंसुद्धा बोलून झालं नव्हतं. आता करण्यासारखं काही नसल्यामुळे ते ऐकू लागले. एरवी त्यांचं सगळं लक्ष लंगडण्यात असे. ऐकता ऐकता त्यांना रडू फुटलं.

पडदा पडल्यावर दिग्दर्शक आला. "आजोबा, तुम्ही बरे दिसताय. जुनी चाल धरा."

"ती चूक आहे."

"पण खरी वाटते. नाहीतर खुर्ची तरी लांब ठेवतो."

"खुर्ची आहे तिथेच राहू दे," आजोबा म्हणाले. "मला पोरीचं ऐकायचंय."

दिग्दर्शकाने विचार केला. "ठीक आहे. पण रडू नका. संहितेत नाही."

आजोबांनी मनापासून प्रयत्न केला. दोन प्रयोग जमलंही.