साडेतीन पौंडांचं वजन

मार्लीसने स्वतःचं पिस्तूल स्वयंपाकघरातल्या टेबलावर खोललं, हे ओहायोतल्या तिच्या नेमबाजी क्लबात सगळ्यांना ठाऊक होतं, कारण तिनेच सांगितलं होतं. चोरी केली नव्हती तर लपवायचं कशाला? शाळेच्या बसगाड्यांचे ब्रेक ती बावीस वर्षं दुरुस्त करत होती. चाळीस-चाळीस पोरं तिच्या हातांवर विसंबून उतार उतरत. पण ट्रिगर सुधारायचा तर तो वेंडेल क्रेब्सकडेच द्यायचा, असा क्लबाचा रिवाज. वेंडेल गावातला एकमेव बंदूक-कारागीर. भिंतीवर प्रमाणपत्रं आणि तोंडात कायम दुसऱ्याच्या कामाची नालस्ती.

पहिल्या खेपेला तिचं चुकलंच. ट्रिगर हलका व्हावा म्हणून तिने घोडा, म्हणजे गोळीवर आघात करणारा मागचा खटका, अडवून धरणारी आतली खाच जरा जास्त घासली, आणि रिकामं पिस्तूल जोडून घोडा चढवताच तो ट्रिगर न दाबता आपोआप पडला. गोळी भरलेली असती तर सुटली असती. तो भाग तिने हातोड्याने ठेचून फेकला, नवा आणला, आणि यावेळी हाव धरली नाही.

शनिवारी सकाळी राज्यस्पर्धेच्या संघातला चौथा गडी ठरायचा होता. जागा एक, हक्क सांगणारे दोघे: मार्लीस आणि वेंडेल. नेमबाजीआधी प्रत्येकाचं रिकामं पिस्तूल तपासतात. घोडा चढवायचा, साडेतीन पौंडांचं वजन ट्रिगरला अडकवून उचलायचं. घोडा पडला, म्हणजे ट्रिगर नियमापेक्षा हलका, की पिस्तूल बाद. ते वजन वर्षानुवर्षं वेंडेलच्याच हातात.

"मार्लीस, लोणी-बिणी पुसलंस ना त्यावरचं?" त्याने विचारलं. कॉफीचे कप हातात धरून सगळे खिदळले.

"पुसलं. उचल तू."

त्याने उचललं. घोडा ढिम्म. एकदा उचललं की पुरतं, पण याने तीनदा उचललं, तिसऱ्यांदा तर मुद्दाम हिसका देऊन. घोडा ढिम्मच.

"आता तुझं," ती म्हणाली.

याचं पिस्तूल कुणी कधी तपासलंच नव्हतं.

"माझं मी स्वतः बनवलंय."

"माझंही मीच बनवलंय. आण इकडे."

तिने हिसका दिला नाही. वजन टेबलावरून बोटभर उठलं नाही तोच घोडा खट्कन पडला. स्प्रिंग जुनी झाली असेल, असं वेंडेल पुटपुटला. असेलही. पण खाच घासताना तिला सुटलेली हाव यालाही सुटली होती, आणि याला टोकणारं कुणी नव्हतं.

मुख्य पंच त्याचं नाव खोडायला निघाले. मार्लीसने त्यांचा हात धरला. गोळीबार सुरू होईपर्यंत दुरुस्तीची मुभा नियमातच आहे, हे तिने त्यांना ऐकवलं.

"जा वेंडेल, गाडीत हत्यारं आहेत तुझी. नीट करून आण. मला तुला गुणांनी हरवायचंय."

वीस मिनिटांनी तो परतला. यावेळी त्याच्या घोड्याने वजन पेललं.

मग नेमबाजीत तो मार्लीसकडून अकरा गुणांनी हरला. जाताना त्याने वजनासाठी हात पुढे केला, तेव्हा ते मार्लीसच्या पिशवीत होतं. तिने पिशवीची चेन ओढून बंद केली.