उतरलेली माळ

"माळ उतरली गं पुष्पाबाई! पार बेंबीला टेकली!" शेजारची सोनूबाई अंगणातूनच ओरडली.

पुष्पाबाईचा नवरा कारभारी ओट्यावर बसत होता, उठत होता, चप्पल घालत होता, काढत होता. शहागडच्या हमरस्त्यावर ट्रकचे पंक्चर काढणारा माणूस. पण दारू बंद झाल्यापासून त्याच्या हातात कपबशी ठरत नव्हती. डोक्यावर घातलेली काविळीची माळ आपोआप वाढत जाते, पोटापर्यंत उतरली की कावीळ गेली, असं गाव मानत आलेलं. काल संध्याकाळी ही माळ कपाळाशीच अडून होती.

पुष्पाबाईनं जवळ जाऊन नवऱ्याचे डोळे पाहिले. तसेच हळदीसारखे पिवळे. माळेच्या गाठी मात्र नखांनी ओरबाडून सैल केलेल्या.

"तुमीच वढली ना?"

"आपोआप आली. आता जालन्याला जायचं काम न्हाई. बिलकुल न्हाई."

जालन्याच्या डॉक्टरनं बजावलं होतं, लिव्हर खराब झालंय, दारूचा थेंबही नको; आणि मनाच्या डॉक्टरलाही दाखवा. पहिलं त्यानं मुकाट ऐकलं. दुसरं ऐकताच खुर्ची ढकलून बाहेर पडला होता.

"अवं, पोटाचं सांगता, मंग डोक्याचंच का लपवून राह्यले?"

"मी काय येडा हाय?"

"कोन म्हन्लं येडा?"

तो दारापर्यंत गेला, परत आला. "प्यालो न्हाई की कानात कुनीतरी बोलतंय. तू कामाचा न्हाई, जा ट्रकखाली, म्हनतंय. प्यालो की गप बसतंय. आता त्येला गप कसं करू, पुष्पे?"

इतकी वर्षं पुष्पाबाई नुसती बाटलीशी भांडत आली होती. तिनं खुंटीवरचा सदरा काढून त्याच्या हातात दिला.

"चला. जल्दी."

"लोकांला काय सांगशील?"

"बहिनीकडं बारसं हाय म्हनीन."

"तुझ्या बहिनीला नातवंडं झाली की!"

"मंग नातवाचं म्हनीन. घाला सदरा."

एसटीत कंडक्टर ओळखीचा निघाला. "काय कारभारी, जोडीनं कुठं?"

पुष्पाबाईनं तोंड उघडलं. पण कारभारीनं दांडी धरली आणि तोच बोलला, "जालन्याला. डोक्याच्या डॉक्टरकडं."

पुढच्या बाकावरच्या बाईनं आपलं लेकरू जवळ ओढलं आणि खिडकीला चिकटून बसली.

तिच्याशेजारी मोकळ्या झालेल्या जागेत पुष्पाबाईनं नवऱ्याला बसवलं.