सफरचंदाच्या बिया

नोन्ना झ्व्यागिना सहा वर्षं फिगर स्केटिंगमध्ये देशात दुसरी येत होती. लेनिनग्राडच्या बर्फावर हे इतकं अंगवळणी पडलं होतं, की निकालाच्या दिवशी लोक तिसरी कोण एवढंच विचारत. पहिली इंगा लाव्रोवा. इंगाच्या उड्या बघायला पंच मान वर करत. नोन्नासाठी त्यांना वाकावं लागे. नोन्नाचं सगळं भांडवल आकृत्यांत: एका पायावर, पात्याच्या धारेनं बर्फात वेटोळी कोरायची आणि तीच रेघ तीनदा गिरवायची. तिथं भरघोस आघाडी मिळाली, तर यंदा जागतिक स्पर्धेची एकुलती जागा तिची होती. पुढच्या वर्षी ती पंचविशीची, म्हणजे या खेळात आजीबाई.

तिच्यासारखं वेटोळं देशात दुसरं नव्हतं. सफरचंदाच्या बीसारखं, खाली भरलेलं, वर टोकदार. तिचे प्रशिक्षक ग्लेब अर्काद्येविच यांनी ते अकरा वर्षं घोटून तिच्या पायात उतरवलं होतं. "कुणाला दाखवू नकोस," असं तेच बजावत.

स्पर्धेच्या दोन दिवस आधी ती सकाळी सहाला आली. पाणी मारून बर्फ गुळगुळीत करणारी ताया मावशी अजून चहाच पीत होती. मागच्या कोपऱ्यात नोन्नाला बिया दिसल्या. ओळीनं नऊ. काल ती त्या कोपऱ्यात फिरकलीही नव्हती. आणि प्रत्येक बीशेजारी एक बारीक भोक, ग्लेब अर्काद्येविचांच्या काठीच्या लोखंडी टोकाचं.

"मावशी, काल संध्याकाळी इथं कोण होतं?"

"मी बर्फ पुसते गं पोरी, हजेरी नाही घेत." मग कपात बघत ताया म्हणाली, "इंगाचे बूट होते. यंदाचा नवा जोड."

ग्लेब आले तेव्हा नोन्ना तिथंच उभी होती.

"तिला शिकवलंत."

त्यांनी काठी पाठीमागे घेतली, जणू साक्ष तीच देणार होती. "दोन-चारदा. वरून सांगणं आलं. तिच्या आकृत्या कच्च्या, नोन्नोच्का. बाहेर ती तिथंच मार खाते."

"आणि मी?"

"तू गेलीस तर सहावी येशील. ती गेली तर पहिली. आणि जगाला वेटोळं कुणाचं दिसेल? आपलंच ना?"

"पाय माझा, काठी तुमची, पदक तिचं. वाटणी छान केलीत."

"रागावू नकोस. दुसरी तर तू आहेसच."

बर्फावर उतरताना पात्यांची रबरी म्यानं प्रशिक्षकाच्या हाती द्यायची, ही रीत. स्पर्धेच्या दिवशी ग्लेबनी हात पुढे केला. नोन्नानं म्यानं तायाच्या एप्रनच्या खिशात कोंबली आणि उतरली. पंच वाकले, एक बाई तर गुडघ्यावर बसल्या. तीन रेघा एकीवर एक.

मग इंगा आली. तिचा प्रशिक्षक पलीकडेच उभा होता. मागच्या कुणाशी तरी बोलत, न बघताच तिनं म्यानं बाजूला धरली, आणि ग्लेबच्या बोटांनी न बघताच ती मिटून घेतली.

बर्फावर बिया उमटू लागल्या. पंच तिच्यासाठीही वाकले. आघाडी केसाएवढीच उरली; उद्याच्या उड्यांपुढे ती टिकणार नव्हती.

"मावशी," नोन्ना म्हणाली, "दोन-चारदात असा हात बसतो?"

तायानं म्यानं काढून दिली. "इंगाचे बूट वर्षभर टिकतात. त्या कोपऱ्यात मी पाहिलेला हा तिसरा जोड."