वारुळातली न कुजणारी बाग

मी एक जुने वारूळ आहे. मित्रांनो, माझा जन्म कांदिवलीच्या पूर्वेला, पोयसर गावातल्या एका शेतबांधावर झाला. वाळवीने लाळेत माती कालवून मला कमरेएवढे उंच केले. माझ्या पोटात तिची बाग आहे. मधाच्या पोळ्यासारख्या भुऱ्या गोळ्यांवर ती पांढरी बुरशी पिकवते आणि तीच खाते.

शेताचे मालक एडवर्ड परेरा यांना मात्र मी नकोसे होते. वाळवीने त्यांचा नांगर पोखरला होता.

१९५५च्या सप्टेंबरात पद्मजा नावाची तरुणी बांधावर आली. ती औषधांच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत काम करी. मातीतले काही जिवाणू दुसऱ्या जंतूंना मारणारे द्रव्य तयार करतात, म्हणून ती गावोगावची माती बाटल्यांत भरून नेत होती. ती माझ्या पायथ्याची माती खरवडू लागली, तेव्हा जवळच गवत कापणारी एडवर्ड यांची बायको क्लारा म्हणाली, "वरची माती काय नेतेस, बाय? आतली ने. आतली बाग कधी कुजत नाय. बाहेर काढली का चार दिवसांत काळी पडते."

पद्मजा चांगल्या साडीनिशी बांधावरच बसली आणि तिने सगळे विचारून घेतले. मागच्या वर्षी एडवर्ड यांनी शेजारचे वारूळ फोडले होते. त्यातले गोळे क्लाराने कोंबड्यांसाठी घरी नेले, तर त्यांवर काळी बुरशी चढली. मग आतल्या ओलीत त्या बुरशीला अडवते कोण? पद्मजाने मला लहानसे भोक पाडून एक गोळा घेतला आणि ओल्या चिखलाने ते स्वतः लिंपले. माझ्यातून काही नेऊन मला पुन्हा बुजवणारे माणूस मी प्रथमच पाहिले.

पुढचे तिने नंतर बांधावर क्लाराला सांगितले, ते मी ऐकले. वाळवीचा केर म्हणून वरिष्ठांनी तिची थट्टा केली. मग ती जेवणाच्या सुट्टीत काम करू लागली. गोळ्यातले जिवाणू वेगळे करून ती ते काळ्या बुरशीसोबत काचेच्या बशीत वाढवी. तेविसाव्या बशीत जिवाणूंचा खडूसारखा पांढरा ठिपका उगवला आणि त्याच्याभोवती बुरशीने पाऊलच टाकले नाही. पण तीन महिन्यांत ते जिवाणू मंदावले, बुरशीला अडवेनासे झाले. ताजा गोळा हवा होता.

तो न्यायला ती आली, तेव्हा एडवर्ड यांच्या हातात पहार होती. माझा माथा खाली पडला होता आणि क्लारा मला पाठीशी घालून उभी होती.

पद्मजाचे ऐकून घेतल्यावर एडवर्ड म्हणाले, "यातून औषध होईल, असं लिहून देशील?"

"नाही, काका. कदाचित होणारही नाही. पण आज फोडलंत, तर ते कळायचंच राहून जाईल."

होईल म्हणणारे पुष्कळ जण त्यांना भेटले होते. नाही म्हणणारी ही पहिलीच. त्यांनी पहार खांद्यावर टाकली आणि ते घरी गेले.

ताज्या गोळ्यातून तो ठिपका पुन्हा उगवला. दोन वर्षांनी पद्मजाने त्यातून चिमूटभर पिवळी पूड काढली. ती बुरशीला मारी, पण प्रयोगातल्या सशांनाही आजारी पाडी. औषध झाले नाही. हे सांगायला ती आधी बांधावर एडवर्ड यांच्याकडेच आली; क्लाराही तिथेच होती. मग तिने पिशवीतून एक छापील मासिक काढले. तिचे संशोधन त्यात आले होते. शेवटची ओळ तिने मराठीत वाचून दाखवली : वारुळातली बाग कुजत नाही, हे प्रथम पोयसरच्या क्लारा परेरा यांनी लक्षात आणून दिले.

"खंय हाय माझा नाव?" क्लाराने विचारले. पद्मजाने तिचे बोट धरून त्या अक्षरांवर ठेवले. बराच वेळ ते बोट तिथून हलले नाही.

मित्रांनो, वाळवी घरात शिरली तर तिला खुशाल हाकला. पण रानातले वारूळ फोडण्याआधी गुडघे टेकून एकदा आत पाहा. आणि त्याच्याजवळ रोज गवत कापणारे कोणी असेल, तर त्याला विचारल्याशिवाय जाऊ नका.